स्पीकरचे पाय

घरीं नवा स्पीकर आला म्हणजे आपण त्याच्या तोंडाकडे पाहतों. तो कशावर उभा आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु आवाज पुष्कळदां बिघडतो तो पायांपाशींच.

वरवट बकाल येथें आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना ऐकूं कमी येऊं लागलें, म्हणून नातवानें हौसेनें दोन स्पीकर आणले व लोखंडी ट्रंकेवर ठेवले. कीर्तन लावलें कीं मृदंगाचा घुमारा खोली भरून टाकी आणि शब्द त्यांत बुडून जात. नातू आवाज वाढवी, तसतसे ते अधिकच बुडत. अखेर आजोबा म्हणाले, "राहूं दे बाळा, माझे कानच गेले." मला वाटलें, कानांस दोष देण्यापूर्वीं ट्रंकेची चौकशी करावी.

नादकाटा ठोकून हवेंत धरा. आवाज क्षीण येतो. त्याचा दांडा टेबलावर टेंकवा. आवाज एकदम वाढतो, पण लवकर विरतो. टेबल नवी शक्ति देत नाहीं. काट्याचीच शक्ति विस्तीर्ण फळीमार्फत हवेंत त्वरेनें खर्च होते. तंबोऱ्यांतही हेंच तत्त्व आहे. तारेचें कंपन घोडीवाटे तबलीस व भोपळ्यास पोंचतें, आणि तो सारा देह गातो. हें साधणाऱ्या मिरजेच्या कारागिरांच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

परंतु तंबोऱ्याचा गुण तो स्पीकरचा दोष. तंबोऱ्यानें स्वतःचा नाद निर्माण करावयाचा असतो; स्पीकरनें दुसऱ्याचा नाद जसाच्या तसा पोंचवावयाचा असतो. त्याचा पडदा 20 ग्रॅम व खोकें 8 किलोग्रॅम धरूं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें पडदा पुढें गेला कीं खोकें मागें सरूं पाहतें. पडदा 4 मिलिमीटर हलला, तर मोकळें खोकें त्याच्या 400 व्या हिश्शाइतकें, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकें हलेल. ही हालचाल डोळ्यांस दिसत नाहीं. पण ट्रंकेचें पत्र्याचें झांकण तिनें थरारतें व नादकाट्याखालच्या टेबलाप्रमाणें स्वतःच वाजूं लागतें. त्यांतून वार्धक्यांत बारीक स्वर आधीं हरपतात, आणि व्यंजनांची ओळख बहुतांशीं त्याच स्वरांत असते. त्यांवर जाड घुमारा पसरला कीं शब्द झांकले जातात.

आम्हीं स्पीकर ट्रंकेवरून उतरवून जड दगडी फरशीवर ठेवले व खालीं मऊ रबराचे तुकडे दिले. बाजारांत अणकुचीदार पायही मिळतात; ते पक्क्या जमिनीवर खोक्यास डुलूं देत नाहींत, पण कंपन अडवीत नाहींत. रबर किती दबतें, यावर सारें अवलंबून असतें. स्प्रिंगच्या गणितानें 1 मिलिमीटर दबणाऱ्या आधाराची स्वतःची कंपनसंख्या सेकंदास सुमारें 16 येते; 4 मिलिमीटर दबणाऱ्याची सुमारें 8. या संख्येच्या 1.4 पटीहून अधिक असलेलीं कंपनेंच आधार अडवितो. तिच्या जवळचीं उलट वाढवितो. मनुष्याचा कान साधारणपणें सेकंदास 20 कंपनांच्या खालचा नाद ऐकत नाहीं. म्हणून दुसरा आधार उत्तम. आणि मुळींच न दबणारा टणक तुकडा केवळ शोभेचा.

पुन्हा कीर्तन लावलें. आजोबा कांहीं वेळ स्तब्ध बसले, मग निरूपणांतील एक वाक्य त्यांनीं आपण होऊन म्हणून दाखविलें. नातवानें आवाज वाढविला नाहीं. पूर्वींपेक्षां कमीच केला.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवा. रबर पायांवाटे जाणारें कंपन अडवितें. हवेवाटे जाणारा आवाज अडवीत नाहीं. पलीकडे कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, तर आवाजाची कळ फिरविण्यावांचून दुसरा उपाय नाहीं.

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. थरथराटावर ठेवलेला मोबाईल आधीं पत्र्याच्या डब्यावर व मग घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवा. आणि घरांतील वडील माणूस "ऐकूं येत नाहीं" असें म्हणालें, तर आवाज वाढविण्यापूर्वीं स्पीकरच्या पायांखालीं काय आहे, तें अवश्य पाहा.