नामानाच्या घरची ती मुलगी



नामानाची गोष्ट आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत (२ राजे ५). अरामाचा मोठा सेनापती, अंगावर कोड. संदेष्ट्या अलीशाच्या सांगण्यावरून तो यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि त्याची कातडी लहान मुलासारखी होते. उपदेशात बहुतेक वेळा नामानाचा गर्व आणि त्याची आज्ञाधारकता यांवर भर असतो. या आठवड्यात आमच्या बायबल वाचनाच्या गटात मात्र सगळा वेळ गेला तो एका मुलीवर.

लढाईत धरून आणलेली ही इस्राएली मुलगी नामानाच्या बायकोची दासी होती. बरे होण्याची वाट तिने दाखवली. नामान निघाला तेव्हा त्याने दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोने आणि दहा पोशाख बरोबर घेतले. बरा झाल्यावर ते सारे त्याने अलीशापुढे ठेवले. अलीशाने काही घेतले नाही. पण त्या मुलीचे पुढे काय झाले? तिला कोणी घरी पाठवले का? शास्त्रात त्याविषयी एक शब्दही नाही. तिचे नावसुद्धा नाही.

आम्हांला हा प्रश्न नुसता वाचून सोडता आला नाही. कारण आपल्या काळातही अशी माणसे आहेत. केरळातील काणी लोकांची हकीकत त्यासाठी सांगण्यासारखी आहे.

तिरुवनंतपुरमजवळच्या अगस्त्यमलाईच्या जंगलात काणी हा आदिवासी समाज राहतो. १९८७ साली डॉ. पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी तिथे वनस्पतींच्या अभ्यासासाठी गेले होते. डोंगर चढून ही मंडळी दमली. वाट दाखवणारे काणी मात्र ताजेतवाने. ते अधूनमधून एक लहानसे फळ तोंडात टाकत होते. त्यांनी पाहुण्यांनाही ते दिले आणि पाहुण्यांचा थकवा उतरला. झाड कोणते, हे सांगायला मात्र ते सहजासहजी तयार नव्हते, कारण असे ज्ञान बाहेरच्यांना द्यायचे नाही, हा त्यांचा नियम. बऱ्याच विनवणीनंतर त्यांनी झाड दाखवले. ते होते आरोग्यपच्चा. वाट दाखवणाऱ्यांत मल्लन काणी आणि कुट्टिमात्तन काणी होते. ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, हेही थोडे नाही.

पालोड येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने त्या झाडापासून, आणखी तीन वनस्पती मिसळून, ‘जीवनी’ नावाचे औषध तयार केले. १९९५ साली ते बनवण्याचा परवाना कोईमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला दिला. शुल्क १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन. यातला अर्धा वाटा काणी समाजाचा, असे संस्थेने ठरवले. तो घेण्यासाठी १९९७ साली काणींचा एक ट्रस्ट नोंदवला गेला. भारतात जैविक विविधता कायदा आला तो २००२ साली. म्हणजे तो कायदा येण्यापूर्वीच कोणाला तरी वाटले की हे देणे आहे.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. काणींमधील प्लाथी, म्हणजे वैद्यकी आणि पूजा सांभाळणारे वडीलधारे, यांच्यापैकी काहींचा या व्यवहाराला विरोध होता. जे विकायचे नसते ते विकले गेले, असे त्यांना वाटले. काणी अनेक वस्त्यांत विखुरलेले. सगळ्यांना विचारलेही गेले नव्हते. आणि झाड ओरबाडले जाईल या भीतीने वनखात्याने त्याच्या तोडणीवर आणि लागवडीवर बंधने आणली. पैशाचा वाटा दिला म्हणजे सगळे ऋण फिटले, असे नव्हे.

नाव घेणे हीदेखील एक फेड असते. याचे एक जुने उदाहरण कोचीचे आहे. तिथला डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्या कामाला कार्मेलाईट धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचा हातभार लागला. पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचे निवेदन आहे. ज्या ईळव समाजाला तेव्हा खालचा मानत, त्यातला हा माणूस. शेजारीच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचे निवेदन कोकणीत, आपल्याच नागरी लिपीत छापले आहे. पण ज्यांनी रानात हिंडून फांद्या आणि फळे आणून दिली, त्यांची नावे कोण सांगणार? ती मंडळी नामानाच्या घरच्या मुलीच्या ओळीत उभी आहेत.

हे सगळे आता का लिहितो आहोत? आमच्या पॅरिशच्या फेस्तासाठी तरुण मंडळींनी एक बेत आखला आहे. खानापूरकडच्या जंगलातील एका वस्तीवर एक सिद्दी आजी आहेत. गुडघेदुखीवरच्या त्यांच्या तेलाचा गुण आमच्यातल्या कित्येकांना आला आहे. ते तेल करून स्टॉलवर विकावे आणि पैसे चॅपेलच्या छपराला द्यावेत, असा बेत. आम्ही आजींना विचारायला गेलो. त्या हसल्या, चहा दिला, आणि म्हणाल्या, “आईनं मला झाड दाखवलं, त्याआधी चार वर्षं मी तिच्या उशाशी होते. तुम्ही कालच आलात, बाबा.”

परतताना जीपमध्ये वाद झाला. एकजण म्हणाला, “ज्ञान देवाचं. फुकट मिळालं ते फुकट द्यावं, असं प्रभूनंच सांगितलंय ना?” खरे आहे. पण प्रभूने ते कोणाला सांगितले? देणाऱ्याला. आपल्या शिष्यांना पाठवताना त्याने ते त्यांच्या हृदयावर ठेवले. घेणाऱ्याने ते वचन हातात धरून दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, म्हणून नव्हे. आजी उद्या आपणहून सांगतील तर ती त्यांची कृपा. आम्ही वचन दाखवून मागू, तर ते कृपेच्या नावाखाली हिसकावणे होईल. आणि ज्यांच्या वस्तीच्या रानावरचा हक्क अजून कागदावर धड आलेला नाही, त्यांच्याकडूनच सगळे फुकट का मागायचे?

दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तेव्हा येशूने उरलेल्या नऊ जणांविषयी विचारले. बरे होणे हे दान आहे. परत येणे हे आपल्यावर सोपवलेले काम आहे.

फेस्ताला अजून दोन महिने आहेत. तेल विकायचे की नाही, हे आजी ठरवतील. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर छपरासाठी दुसरी वाट शोधू. त्या ‘हो’ म्हणाल्या तर वाटा किती, बाटलीवर नाव कोणाचे आणि साल किती काढायची, हेही त्याच सांगतील. तोवर दर रविवारी मिस्सानंतर आमच्यातले दोघे वस्तीवर जाणार आहेत. झाडाची चौकशी करायला नव्हे. आजींच्या डोळ्याला मोतीबिंदू आहे; त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जायचे आहे.

तुमच्याही घरात कोणाचा तरी काढा, कोणाचा तरी लेप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असेल. तो पहिल्यांदा कोणी दाखवला, हे आज जेवताना एकमेकांना विचारा. नाव आठवले, तर संध्याकाळच्या प्रार्थनेत ते घ्या. ती व्यक्ती हयात असेल, तर तिच्या दारी जाऊन या.

हे प्रभो, ज्यांच्या हातून तू आम्हांला बरे केलेस आणि ज्यांची नावे आम्ही विसरलो, ती तुझ्याजवळ लिहिलेली आहेत. त्यांचे देणे ओळखण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.