आजोबांच्या कपाटातलं रिव्हॉल्व्हर

तुमच्या घरी आजोबांची अशी एखादी वस्तू आहे का, जी कुणी वापरत नाही, पण टाकवतही नाही? भिलाईच्या सिविक सेंटरला चहा पिताना आम्हा मित्रमैत्रिणींचा विषय एकदा जुन्या रिव्हॉल्व्हरवर गेला. मला बंदुकांची आवड नाही. तरी 1887 मध्ये ब्रिटिश फौजेनं स्वीकारलेल्या वेब्लीची रचना मला भावली: मधून उघडलं की रिकामी काडतुसं एकदम बाहेर! ना बॅटरी, ना स्क्रीन. कसं चालतं ते डोळ्यांना दिसतं. मोह त्याचाच असतो.

पण वस्तू जुनी झाली म्हणून कायदा सैल होत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, ती दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. चालणारं असेल, तर वारशानं आलं तरी परवाना हवाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवानाधारक वारले, तर घरच्यांनी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं.

म्हणून दसऱ्याला शस्त्रपूजा करण्याआधी कागद तपासा. आजोबा असतील, तर त्यांनाच विचारा. कागदांबरोबर त्यामागची गोष्टही कळेल, आणि खरी जपण्यासारखी तीच.