बिकॉजपाशी अडलेलं वाक्य

घोट्याला प्लास्टर, त्यामुळे घरीच पडून आहे. संध्याकाळी शेजारची दहावीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन येते. दोन सुटी वाक्यं द्यायची, तिनं एक करायचं. अँड, बट, सो घातलं की संयुक्त वाक्य. दोन्ही बाजू ताठ. मधला शब्द काढला तरी आपापल्या जागी उभ्या. बिकॉज, व्हेन, ऑल्दो आलं की मात्र एक बाजू दुसरीच्या आश्रयाला जाते. 'बिकॉज इट रेन्ड' लिहून पूर्णविराम दिला, तर ते इंजिन सुटलेल्या डब्यासारखं रुळावरच राहतं.

ऑल्दोनं सुरुवात केली की ती पुढे बट लिहितेच. बिचारीचं काय चुकलं? 'जरी' म्हटलं की आपल्या कानाला 'तरी' हवाच असतो. इंग्रजी एकावरच भागवते, आणि गौण वाक्य आधी आलं तर मध्ये स्वल्पविराम मागते.

मी अडते ते दुसरीकडेच. 'व्हेन आय फेल, द फोन वॉज रिंगिंग' म्हटलं की फोन मुख्य, माझं पडणं नुसतं त्याची वेळ सांगणारं. 'आय फेल व्हाइल द फोन वॉज रिंगिंग' म्हटलं की पडणं मुख्य. दोन्हींना पूर्ण गुण. कुणाला गौण करायचं, हे कुठलंच व्याकरण सांगत नाही. आणि पडून राहिलं की दिवसभर हेच ठरवत बसावं लागतं.

मुलीनं सरळ अँड टाकला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. मला बरं वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही.