घोडनदीची छावणी

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही कुरकुंभहून मुलाबाळांसह भीमा कोरेगावला जातो. यंदा विजयस्तंभाला मानवंदना देऊन परतताना मुलीने विचारले, "पप्पा, हे सैनिक आले कुठून?"

"शिरूरहून," एवढेच सांगता आले. बी.कॉम. झालो, वीस वर्षे खतावण्या लिहिल्या. पण आपल्याच जिल्ह्यातल्या छावणीचा हिशेब आम्हाला ठाऊक नव्हता. लाज वाटली. मग वाचायला बसलो.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची फौज पदरी घेतली, खर्चापोटी मुलूख तोडून दिला. या फौजेचे मोठे ठाणे घोडनदीकाठी शिरूरला पडले. काही पलटणी मात्र पुण्याला खेटून, गारपिरावर. १८१७ साली बिनसले, तेव्हा रेसिडेंट एल्फिन्स्टनला ही जागा पेशव्यांच्या वाड्याच्या फारच जवळ वाटू लागली. १ नोव्हेंबरला त्याने फौज खडकीला हलवली. ५ तारखेला लढाई जुंपली, १७ तारखेला पुणे पडले.

आमचे मन गारपिरावरच अडते. मुंबई सैन्यात आपले लोक मोठ्या संख्येने होते. ज्या शहरात आपल्या माणसाची सावली चालत नव्हती, त्याच्या वेशीशी तोच माणूस बंदूक खांद्यावर टाकून पहारा देत असेल, तर त्याच्या मनात काय येत असेल? सरकारी दप्तरात असल्या नोंदी नसतात.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, म्हणजे वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, कॅप्टन स्टाँटन सुमारे ५०० पायदळ, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा घेऊन शिरूरहून निघाला. रात्रभर चालून आलेले ते शिपाई दुसऱ्या दिवशी अन्नपाण्यावाचून लढले.

"मग इंग्रजांनी त्यांना मोठे केले असेल," मुलगी म्हणाली. कसले मोठे! एकोणिसावे शतक संपता संपता त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे अर्ज करकरून थकले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली.

शिरूरला १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. जुन्या गॅझेटियरप्रमाणे गावकरी त्याला सतपुरुष मानून धान्य वाहत. साहेबाला नैवेद्य मिळाला. आपले शिपाई कुठे राहत, कुठे भाकरी थापत, हे कुणी लिहून ठेवले नाही.

येत्या रविवारी आम्ही मुलीला घेऊन शिरूरला जाणार आहोत. तिने वही आताच पिशवीत घातली आहे.