सोळावें नांव

सन २०२५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या दुसर्‍या तारखेस आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें फार उशिरां झालीं. कारण आमचा भाचा. तो वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अखेरची कुस्ती पाहावयास गेला होता, आणि परत आला तो लालबुंद होऊन. पानावर बसला, परंतु घास हातांतच राहिला. "मामा, पाठ लागलीच नव्हती!" असें त्यानें जाहीर केलें. त्याच्या शेजारीं बसलेल्या आमच्या चिरंजीवांनीं तीच कुस्ती घरीं पडद्यावर तीन वेळां पाहिली होती, आणि तिन्ही वेळां ती पाठ जमिनीला लागलेली त्यांना स्पष्ट दिसली होती. सौभाग्यवतीनें आमटी दोनदां गरम केली. तिसर्‍या खेपेस तिनें सांगून टाकलें कीं, गदा कोणासही मिळो, पातेलें मोकळें झालें पाहिजे.

प्रसंग बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्या नगरास भरली होती. (आतां अहिल्यानगर म्हणावयाचें; पण जिभेला जुनें वळण आहे.) गादी गटाच्या निर्णायक कुस्तींत पृथ्वीराज मोहोळ यांनीं शिवराज राक्षे यांस चीत केलें असा निकाल पंचांनीं दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहींत, हें राक्षे यांचें म्हणणें. वाद वाढला, आणि त्यांनीं पंचांस लाथ मारली. दोनदां महाराष्ट्र केसरी ठरलेल्या मल्लाकडून हें घडावें याचें अनेकांस वाईट वाटलें. मग अखेरच्या कुस्तीस मोहोळांसमोर माती गटाचे विजेते महेंद्र गायकवाड उभे राहिले. एका गुणावरून त्यांचेंही पंचांशीं पटलें नाहीं आणि ते आखाडा सोडून चालते झाले. गदा मोहोळांच्या खांद्यावर गेली. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीचा निर्णय जाहीर झाला. एवढें सारें एका संध्याकाळीं, आणि आमच्या घरापासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर! आम्ही मात्र उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों.

भाचा आणि चिरंजीव यांचें भांडण त्या रात्रीं मिटलें नाहीं. तें पुढें आठ आठ दिवसांनीं पुन्हा पेटे, आणि दर वेळीं जुनीं प्रकरणें बाहेर निघत. जानेवारी २०२३ मध्यें पुण्यास सिकंदर शेख यांच्याविरुद्ध याच गायकवाडांस बाहेरील टांग या डावाबद्दल चार गुण दिले, ते योग्य कीं अयोग्य? डाव पुरता बसला होता कीं अर्धाच? त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फुलगांव येथें सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले आणि कांहीं दिवसांच्या अंतरानें धाराशिव येथें शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे संस्था दोन, आखाडे दोन आणि केसरीही दोन. १९६१ सालीं दिनकर दह्यारी यांस हा मान प्रथम मिळाला, तेव्हां एका वर्षीं दोन केसरी निपजतील असें कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल. आणि आमच्या जिल्ह्यानें तर कमालच केली. वाडिया पार्कवरची माती वाळते न वाळते तोंच मार्च महिन्याच्या अखेरीस कर्जत येथें दुसर्‍या गटाची स्पर्धा झाली आणि सोलापूरचे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी ठरले. दोन महिन्यांच्या आंत एकाच जिल्ह्यानें दोन महाराष्ट्र केसरी दिले! यांतला खरा कोणता, हा प्रश्न भाच्यानें आम्हांस विचारला. "दोघेही मोठे मल्ल आहेत," असें आम्हीं उत्तर दिलें. त्यानें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती दृष्टि आम्हांस परिचयाची आहे. वर्गांत प्रश्न टाळला कीं मागच्या बाकांवरून ती नेहमीं येते.

खरें सांगावयाचें तर, कुस्तीच्या या भांडणांत आम्हांस वाईटापेक्षां बरें अधिक दिसतें. पंच चुकले असतील वा नसतील. परंतु जें कांहीं झालें तें हजारों डोळ्यांपुढें झालें. हरलेल्याला निदान इतकें समाधान आहे कीं, आपल्यावर काय गुदरलें तें सार्‍यांनीं पाहिलें आहे. आणि आखाड्याची माती माणसांस नेहमीं भांडावयासच लावते असेंही नाहीं. जानेवारी २०२० मध्यें बालेवाडीस हर्षवर्धन सदगीर यांनीं शैलेश शेळके यांजवर तीन विरुद्ध दोन गुणांनीं मात केली. दोघेही काका पवारांच्या एकाच तालमींतले. निकाल लागतांच सदगीरांनीं काय करावें? हरलेल्या मित्रास उचलून खांद्यावर घेतलें. सदगीर मूळचे आमच्या अकोले तालुक्यांतले. पण खेळले नाशिकच्या नांवावर, म्हणून गदेचा हिशेब नाशिकच्या खातीं लागला. आम्हां नगरकरांचें हें नेहमींचेंच आहे. झहीर खान श्रीरामपूरचे, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचे. पिकलें आमच्या रानांत, बाजार झाला दुसरीकडे.

परंतु दुसर्‍या एका प्रकारचा मान असतो. तो आखाड्यांत मिळत नाहीं, खोलींत मिळतो. हंगाम संपतो, मैदानावर गवत वाढूं लागतें, आणि पांच-सात मंडळी एका टेबलाभोंवतीं बसून ठरवितात कीं, यंदाचे उत्तम खेळाडू हे आणि हे. अमेरिकेंत महाविद्यालयीन फुटबॉलच्या मोसमानंतर प्रत्येक संघमंडळाची अशी मानाची यादी निघते व तीवरून तेथील लोक महिनेच्या महिने हमरीतुमरीवर येतात. तेथें देशभराची अशी पहिली यादी १८८९ सालीं निघाली. तींत अकरा नांवें होतीं आणि तीं सगळीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या तीनच विद्यापीठांतलीं होतीं. एवढ्या अफाट देशांत अन्यत्र कोणास चेंडू धरतां येत नव्हता असें नव्हे. निवडणारांनीं जे पाहिले ते निवडले, इतकाच त्याचा अर्थ. आंकडे पाहावे म्हटलें तर आंकड्यांचीही फारशी शाश्वति नाहीं. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठेवाडाविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला होता, तोंच प्रतिपक्षानें सामनाच सोडून दिला. हिंदुस्थानच्या मैदानांवर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत तेवढी खेळी त्यानंतर कोणी केलेली नाहीं. त्या गृहस्थांस अधिकृत कसोटी सामना जन्मांत एकही मिळाला नाहीं. कां, तें ज्या खोलींत ठरलें त्या खोलीला ठाऊक.

अशा एका खोलींत आम्हीही एकदां बसलों होतों.

गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वींची. आम्ही तेव्हां तालुक्याच्या गांवीं एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत होतों. विद्यापीठाचे जे विभाग पडतात त्यांपैकीं नगर हा एक. महाविद्यालयांचे आपसांतील सामने झाले कीं विभागाचा सोळा जणांचा क्रिकेट संघ निवडावयाचा, तो पुढें इतर विभागांशीं खेळतो. आमच्या महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षणाचे संचालक ऐन वेळीं आजारी पडले, आणि क्रिकेट समजतें अशा ख्यातीवर प्राचार्यांनीं आम्हांस निवडसमितीवर धाडलें. पहिलीं पंधरा नांवें अर्ध्या तासांत ठरलीं. चहा आला. सोळाव्या नांवासाठीं दोन मुलगे उरले : एक दुसर्‍या एका महाविद्यालयाचा सलामीचा फलंदाज, आणि दुसरा आमच्या महाविद्यालयाचा डावखुरा फिरकी गोलंदाज.

हा मुलगा पाथर्डीकडचा. आईबाप दिवाळी झाली कीं ऊसतोडीला जात ते पाडव्याच्या सुमारास परत येत. तो वसतिगृहांत राही. एकाच पायजम्यावर कॉलेजांत येई आणि त्याच पायजम्यावर गोलंदाजी करी. समितीपुढील कागदांत त्याच्या नांवासमोर लिहिलें होतें : दहा षटकें, एकतीस धावा, बळी नाहीं. सलामीच्या फलंदाजाच्या नांवासमोर त्याच सामन्यांतील बासष्ट धावा होत्या. कागद एवढेंच सांगत होता. तो सामना आम्हीं पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मैदानाकडेच्या निंबाखालीं बसून पाहिला होता. त्या बासष्ट धावांतल्या पहिल्या दहा व्हावयाच्या आंतच फलंदाजाचा झेल आमच्या मुलाच्या गोलंदाजीवर दोनदां सुटला होता. तिसरा एक झेल दुसर्‍या फलंदाजाचा सुटला. एकदां यष्टिरक्षकाच्या हातीं चेंडू येऊन, फलंदाज चार हात पुढें गेलेला असून, यष्ट्या उडविण्याचें त्यास सुचलें नाहीं. आणि दर वेळीं तो मुलगा काय करी? हात पायजम्याला पुशी, खालीं पाही, आणि पुन्हा त्याच जागीं चेंडू टाकी. त्याच जागीं! आम्हीं पुष्कळ क्रिकेट पाहिलें आहे. चार वेळां नशीब फिरल्यावर पांचव्या वेळीं तोच टप्पा तितक्याच शांतपणें साधणारा माणूस आम्हीं फार थोड्या वेळां पाहिला.

अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमच्या मुलाविषयीं कांहीं सांगायचंय?"

वाचकहो, त्या खोलींत तो सामना पाहिलेला दुसरा कोणीही नव्हता. आम्हीं म्हटलें, "तो आमचाच विद्यार्थी आहे. आम्हीं बोलणें बरें दिसणार नाहीं."

मंडळींनीं माना डोलावल्या. एका ज्येष्ठ सभासदांनीं तर, असा निःस्पृहपणा हल्लीं कोठें पाहावयास मिळतो, असें उद्गार काढले. सोळावें नांव बासष्ट धावांचें लागलें. आम्ही एस. टी. स्थानकावर येऊन बटाटेवडा खाल्ला आणि मोटारींत खिडकीशेजारची जागा मिळाली म्हणून घरीं पोंचेपर्यंत आनंदांत होतों. त्या दिवशीं आम्हीं एक मोठी गोष्ट केली असें आम्हांस मनापासून वाटत होतें.

यादी फलकावर लागली त्या दिवशीं तो वर्गाच्या दारांत आला. रडावें, चिडावें असें त्याच्या चेहर्‍यावर कांहीं नव्हतें. त्यानें विचारलें, "सर, निवड झाली तेव्हां तुम्ही तिथं होतां ना?"

"होतों," आम्हीं म्हटलें.

"मग नीटच झालं असेल," तो म्हणाला, आणि गेला.

पुढल्या हंगामांत संघासाठीं नांव देण्यास तो आला नाहीं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोयता घेऊन गेला, परीक्षेपुरता परतला, कसाबसा बी. ए. झाला. त्यास ती यादी कारण झाली असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. घरांत मुकादमाची उचल होती, बहिणीचें लग्न होतें. पण नोकरीच्या अर्जाला जोडतां येईल असा एक कागद त्यास त्या वर्षीं मिळावयाचा होता, आणि तो आमच्या एका वाक्यावर अडला होता. तें वाक्य आमच्यापाशीं होतें. तें आम्हीं खर्च केलें नाहीं. कां, तर आम्ही चांगले दिसावें म्हणून! पक्षपात करणार्‍यास निदान कोणाचें तरी भलें करावयाचें असतें. आमच्या त्या निःस्पृहपणांत भलें झालें तें फक्त आमचें, आणि त्याचे पैसे भरले त्या मुलानें.

कर्जतचा निकाल लागला त्या रात्रीं घरांत पुन्हा खडाजंगी चालली होती. भाचा एकाएकीं आमच्याकडे वळला. "मामा, तुम्हांला एवढं सगळं कळतं, आणि तुम्ही कधींच कांहीं बोलत नाहीं. तुमचं मत तरी काय आहे?"

"त्यांना मत विचारूं नकोस बाळा," सौभाग्यवती ताक वाढतां वाढतां म्हणाली. "ते निःपक्षपाती आहेत."

ती थट्टेनेंच बोलली. तिला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. वीस-बावीस वर्षांत आम्हीं ही हकीकत कोणापाशींही काढली नव्हती. कोणास ठाऊक कसें, पण आम्हीं ताकाची वाटी खालीं ठेवली आणि म्हटलें, "एक मुलगा होता."

भाच्यानें त्याचें नांव विचारलें. आम्हीं सांगितलें. गांव विचारलें, तेंही सांगितलें. चिरंजीवांनीं विचारलें, "खरंच चांगला होता?" मग आम्ही निंबाखालच्या जागेपासून सुरुवात केली. वारा कोणत्या बाजूचा होता, चटईची खेळपट्टी कोठें उचलली होती, पहिला झेल कोणाच्या हातून निसटला आणि दुसरा कोणाच्या, तें सांगितलें. यष्टिरक्षक कसा चेंडू हातीं धरून उभाच राहिला तें आम्हीं उठून, हात पुढें करून दाखविलें. तिसर्‍या षटकांतला एक चेंडू आम्ही विसरलों आहों असें वाटत होतें, तोही आठवला. भाचा मध्येंच म्हणाला, "मग पुढचा चेंडू?" आम्हीं म्हटलें, "त्याच जागीं."

सौभाग्यवतीनें पानें उचललीं, दिवाणखान्यांतला दिवा मालवला, आणि ती परत येऊन दारांत उभी राहिली. आमचीं अजून सहा षटकें व्हावयाचीं होतीं.