कऱ्हाटीचा माळ आणि यादीतले एक अक्षर

बारामतीहून एस.टी. मोरगावच्या वाटेला लागली की कालव्याचा ऊस मागे पडतो आणि कऱ्हाटीचा जिरायत माळ सुरू होतो. खिडकीतून मेंढरांचे कळप दिसतात. दिवाळीनंतर कित्येक धनगर कुटुंबे घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरतात. पोरांची शाळा तिथेच सुटते.

अनुसूचित जमातीत घ्या, म्हणून जुलै २०१४ मध्ये बारामतीतच या समाजाने उपोषण केले. यादीत 'ओरॉन, धनगड' असे आहे. समाज म्हणतो, 'र'चा 'ड' झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही मागणी फेटाळली. कलम ३४२ प्रमाणे यादी बदलायची तर संसदेनेच.

भटक्या जमाती (क) म्हणून धनगरांना राज्यात साडेतीन टक्के आरक्षण आहे, पण विधानसभेत राखीव जागा नाही. आदिवासींना २८८ पैकी २५ जागा आहेत. त्यात वाटेकरी येईल, ही त्यांची भीतीही खोटी नाही.

वाचकहो, कळपामागच्या पोरीच्या हाती पाटी आली पाहिजे आणि तिचे गाऱ्हाणे सभागृहात मांडणारा माणूसही हवा. पण तो हक्क आदिवासी पोरीच्या ताटातून काढून नको. बाबासाहेबांच्या घटनेचे मोजमाप त्या दोघींवरूनच होईल.