टी-टॉटचा शागीर्द

दक्षिण अलाबामातल्या जॉर्जियानाला मुद्दाम वाट वाकडी करून कुणी जात नाही. गेलाच तर कंट्री गायक हँक विल्यम्ससाठी. हंट्सव्हिलला नोकरी करणारा माझा भाचा गाडी चालवत होता. त्याला कंट्री संगीताचं फारसं प्रेम नाही. "मामा, हे सगळे एकच गाणं गातात. बायको गेली, ट्रक बिघडला, दारू संपली," हे त्याने निघतानाच सांगून टाकलं होतं. मी वाद घातला नाही. आधी थेट खाली जॉर्जियाना गाठायचं आणि मग त्याच रस्त्याने वर माँटगोमेरीला यायचं, एवढं मात्र कबूल करून घेतलं होतं.

हँकचा जन्म जवळच्याच माउंट ऑलिव्हचा, १७ सप्टेंबर १९२३चा. जन्मतःच मणक्यात दोष होता. ती पाठदुखी जन्मभर पुरली, आणि त्यावरचे उपाय, म्हणजे दारू आणि इंजेक्शनं, दुखण्याहून जास्त महागात पडले. वडील लॉन पहिल्या महायुद्धात जाऊन आलेले. हँक सहा-सात वर्षांचा असताना ते सैनिकी इस्पितळात गेले आणि कितीतरी वर्षं तिथेच राहिले. आई लिली हिने खाणावळ-वजा बोर्डिंग हाउस चालवून घर ओढलं. ती बाई खमकी होती. पुढे पोराच्या कार्यक्रमांच्या दारात पैसे गोळा करायलाही तीच उभी राहायची.

जॉर्जियानातलं त्यांचं घर आता संग्रहालय झालंय. लाकडी, खांबांवर उचललेलं. खाली मोकळी जागा आहे, तिथे बसून पोरगा गिटार घासायचा म्हणतात. आतले कोट, पोस्टर, रेकॉर्डी मी भराभर पाहिल्या. जगातली सगळी गायक-संग्रहालयं इथून-तिथून सारखीच. मला वेळ घालवायचा होता तो बाहेर. पोरवयात हँक याच रस्त्यांवर शेंगा विकायचा, बुटांना पॉलिश करायचा, आणि इथेच त्याला रूफस पेन भेटला.

पेन हा रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय गवई. लोक त्याला टी-टॉट म्हणत. राहायचा ग्रीनव्हिलला आणि आसपासच्या गावांत फिरून गोऱ्यांच्या बाजारपेठेत गाऊन चार पैसे मिळवायचा. हँक त्याच्या मागे मागे हिंडायचा. शिकवणीचे पैसे किती, की लिलीच्या हातचं जेवण, यावर निरनिराळ्या कथा आहेत. पण संगीताचं जे काही शिक्षण झालं ते या माणसाकडूनच, हे हँकने मोठा झाल्यावर स्वतः सांगितलं आहे. १९५०च्या आसपासच्या अलाबामात, जिथे पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते, एका गोऱ्या 'हिलबिली' गायकाने हे बोलून दाखवणं साधं नव्हतं. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. हँकने तेच केलं, फक्त त्याच्या गावात तशी रीत नव्हती.

जॉर्जियानाहून माँटगोमेरीपर्यंतच्या हमरस्त्याला त्याच्या स्मरणार्थ 'लॉस्ट हायवे' हे नाव दिलंय. त्या नावाचं गाणं त्याने गायलं खरं, पण ते लिहिलं लिऑन पेन या दुसऱ्याच गायकाने. साधारण साठ मैल. दोन्हीकडे पाइन, मधूनच चर्चच्या पाट्या. वाटेत उकडलेल्या शेंगा मिळाल्या. भाचा खुलला. "हे बरंय, आपल्यासारखं," म्हणाला.

कुटुंब १९३७ मध्ये माँटगोमेरीत आलं. त्याच सुमारास एम्पायर थिएटरातल्या हौशी गायकांच्या स्पर्धेत हँकने पंधरा डॉलरचं बक्षीस मारलं. पुढे डब्ल्यूएसएफए रेडिओ, 'ड्रिफ्टिंग काउबॉइज' हा वाद्यवृंद, १९४४ मध्ये ऑड्रीशी एका पेट्रोल पंपावर लागलेलं लग्न, १९४६ मध्ये नॅशव्हिलला फ्रेड रोज या प्रकाशकाची गाठ. ११ जून १९४९ला नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या रंगमंचावर पहिल्यांदा गायला, तेव्हा लोक त्याला सोडेनात. तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९५२ मध्ये, दारूपायी त्याच ऑप्रीने त्याला काढलं.

एम्पायर थिएटर आता नाही. त्या जागी रोझा पार्क्स यांचं संग्रहालय आहे, कारण १ डिसेंबर १९५५ला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली ती याच थिएटरसमोर. मी फुटपाथवर बराच वेळ रेंगाळलो. टी-टॉटकडून शिकलेला पोरगा या दारातून बक्षीस घेऊन बाहेर पडला. टी-टॉटला स्वतःला त्या रंगमंचावर कुणी उभं केलं नसतं.

कॉमर्स स्ट्रीटवरच्या हँकच्या संग्रहालयात ती निळी कॅडिलॅक आहे. १९५२चं मॉडेल, लांबलचक. नववर्षाच्या दिवशी ओहायोतल्या कँटनला कार्यक्रम होता. हवा खराब म्हणून विमान नॉक्सव्हिलला परत फिरलं. मग कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने हीच गाडी हाकली आणि हँक मागच्या सीटवर पडून राहिला. १ जानेवारी १९५३ला वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल इथे कळलं की तो गेला आहे. वय एकोणतीस. भाच्याने ते आकडे मनात जुळवले आणि म्हणाला, "माझ्याहून तीन वर्षांनी लहान." ट्रक आणि बायकोचा विनोद त्याने पुन्हा केला नाही.

अंत्ययात्रेला माँटगोमेरीत हजारोंनी लोक लोटले. अंत्यविधीच्या सभागृहात कृष्णवर्णीयांना वेगळी गॅलरी होती. तरी व्यासपीठावर एका कृष्णवर्णीय चमूनेही भजन गायलं. ओकवुड दफनभूमीत टेकाडावर हँक आणि ऑड्री यांचे उंच संगमरवरी दगड आहेत, पायाशी दगडी हॅट. भोवती हिरवळ कृत्रिम आहे, कारण खरं गवत भक्त उपटून घरी नेत.

टी-टॉट त्याआधीच, १९३९ मध्ये, याच शहरात कफल्लक अवस्थेत वारला. तो कृष्णवर्णीयांच्या लिंकन दफनभूमीत आहे. तिथे स्मारकशिला आहे, पण त्याची नेमकी कबर कोणती हे कुणालाच दाखवता येत नाही. गवत उपटायला इथे कुणी येत नाही. ते चांगलं वाढलेलं होतं.

परतीच्या वाटेवर मी भाच्याला तीन गाणी पाठोपाठ लावायला सांगितली. पहिलं, हँकचं १९४७चं 'मूव्ह इट ऑन ओव्हर', त्याचं पहिलं मोठं यश. दुसरं बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक', १९५४चं. पहिल्या ओळीलाच भाच्याने स्टिअरिंगवर ठेका धरला.

"अरे, ही तर तीच चाल!"

"तिसरं लाव," मी म्हटलं.

तिसरं चार्ली पॅटनचं, मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय ब्लूजवाल्याचं. 'गोइंग टू मूव्ह टू अलाबामा', १९२९. खरखरीत रेकॉर्डिंग, आवाज रेवाळ. भाच्याने ते संपेपर्यंत ऐकलं आणि मग मागे नेऊन पुन्हा लावलं.